उसाच्या फडातील स्त्री : प्रतिमा, नोंद आणि वागणूक

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते, आणि दसरा-दिवाळी उलटली की त्याच परिसरातील वाड्या-वस्त्यांवरून व तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांकडे आणि सीमेपलीकडच्या बेळगाव-बागलकोटकडे निघतात. टोळी बहुतांशी जोडप्यांची बनलेली असल्यामुळे तिच्यातील जवळजवळ निम्मे श्रम स्त्रियांचे असतात. तरीही करारपत्रापासून वृत्तपत्रापर्यंत आणि चित्रपटापासून दवाखान्याच्या केसपेपरपर्यंत ही स्त्री मजूर म्हणून क्वचितच भेटते. ती कोणाची तरी बायको असते, आजारी शरीर असते, किंवा सभेतील भाषणापुरती कष्टाळू माय असते. समाज तिला कसा वागवतो आणि माध्यमे तिला कशी दाखवतात हे दोन प्रश्न एरवी वेगवेगळे हाताळले जातात. प्रस्तुत आढाव्यात ते एकत्र घेतले आहेत, कारण दोहोंचे मूळ एकच आहे: तिच्या श्रमाची स्वतंत्र नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचे चित्र रेखाटणारा आपल्या मनातील तयार साचा वापरतो.

अशा तयार साच्यांचा सर्वांत सखोल अभ्यास अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संदर्भात झाला आहे. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘नियंत्रक प्रतिमा’ ही संकल्पना मांडली. मालकाच्या घरी राबणारी, स्वतःची मुले बाजूला ठेवून मालकाची मुले सांभाळणारी निष्ठावान दाई, किंवा वासनेने भरलेली आणि म्हणूनच अत्याचाराची तक्रार करण्याचा अधिकार गमावलेली स्त्री, अशी चित्रे वारंवार दाखवली गेली की त्या स्त्रियांना मिळणारी वागणूक लोकांना स्वाभाविक वाटू लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रतिमा येथे वास्तवाचे केवळ प्रतिबिंब राहत नाही, ती अन्यायाला आधार पुरवते. त्याच्या एक वर्ष आधी कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी ‘आंतरछेदिता’ हा शब्द प्रचारात आणला. वंश आणि लिंग यांवर आधारलेले भेदभाव जिथे एकमेकांना छेदतात तिथे उभ्या असलेल्या स्त्रीचा अनुभव दोन्ही भेदभावांची नुसती बेरीज करून कळत नाही, असा या संकल्पनेचा आशय आहे. त्यासाठी त्यांनी १९७६ च्या एका खटल्याचे उदाहरण घेतले. एका मोटारकंपनीविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायालयात गेल्या, तेव्हा कंपनीने स्त्रियांना नोकरीत घेतले होते म्हणून लिंगभेद झालेला नाही असे न्यायालयाने ठरवले, आणि वंशभेदाची वेगळी दाद मागता येईल असे सुचवले. प्रत्यक्षात नोकरीत घेतलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कारखान्यात घेतलेले कृष्णवर्णीय पुरुष होते. दोन्ही वर्णनांत एकाच वेळी बसणारी स्त्री कायद्याला दिसलीच नाही.

मराठवाड्याला हा विचारव्यवहार परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारख्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा रुजवली, लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याची मराठी वाचकांना सविस्तर ओळख करून दिली, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. या देवाणघेवाणीत पुरुषांचा आवाज मोठा होता, तिकडच्या स्त्रियांचे म्हणणे इकडे पोहोचायला बराच काळ जावा लागला, हेही नोंदवायला हवे. जात आणि वंश या एकच गोष्टी नाहीत. बीडच्या टोळ्यांत वंजारी, बौद्ध, मातंग, बंजारा, धनगर यांच्याबरोबर कोरडवाहू मराठा शेतकरी कुटुंबेही असतात, त्यामुळे ‘ऊसतोड स्त्री’ ही एका जातीची ओळख नव्हे. साम्य आहे ते यंत्रणेत: स्वस्त श्रमासाठी एका समूहाच्या स्त्रीशरीराचा वापर होतो, त्या वापराला करार, वैद्यक आणि प्रतिमा यांचा आधार मिळतो, आणि तिचे दुःख मोजण्याचे माप तिच्या हातात नसते.

या यंत्रणेचा पाया म्हणजे ‘कोयता’. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, आणि एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा कंत्राटदार, कोयत्यामागे ‘उचल’ देतो, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, जी अलीकडच्या काळात जोडप्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते. ही उचल नवऱ्याच्या हाती पडते, करार त्याच्या नावे होतो, आणि हंगामाअखेर हिशेबात रक्कम फिटली की नाही हेही त्यालाच सांगितले जाते. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. स्त्री मात्र पहाटे तीन-चारला उठून चुलीवर भाकरी करते, मूल काखेत घेऊन फडात जाते, नवरा ऊस तोडत पुढे जात असता मागून पाचट बाजूला सारून मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत किंवा टायरगाडीपर्यंत वाहते. रात्री-बेरात्री गाडी आली तर ती भरायला तिलाच उठावे लागते. परतल्यावर पाणी, सरपण, स्वयंपाक आणि जनावरांचे वाढे तिची वाट पाहत असतात. टनावर मिळणाऱ्या मजुरीतील तिचा अर्धा वाटा स्वतंत्रपणे कुठेच लिहिला जात नाही. २०२४ च्या जानेवारीत साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या लवादात मजुरीत चौतीस टक्के वाढ ठरली, तिची बातमी राज्यभर झाली. लवादाच्या चर्चेत पंकजा मुंडे यांच्या रूपाने स्त्री नेतृत्वही होते. तरीही वाढ कोयत्याला मिळाली, आणि कोयत्यातील स्त्रीच्या हाती किती पैसे येणार हा प्रश्न त्या बातम्यांत ऐरणीवर आला नाही.

जोडीला महत्त्व असल्यामुळे विवाहाचा हिशेबही बदलतो. अर्ध्या कोयत्याला काम मिळणे अवघड, म्हणून मुलाचे लग्न हंगामापूर्वी उरकण्याकडे कल असतो, आणि मुलीला गावी म्हाताऱ्या माणसांपाशी एकटी ठेवणे असुरक्षित वाटते म्हणून तिचेही लग्न लवकर लावले जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील विवाहित-अविवाहित अशा सर्व स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली आढळल्या होत्या. बालविवाहाच्या बातम्या बहुधा आईवडिलांच्या अज्ञानावर थांबतात. त्या लग्नामागे साखर उद्योगाची मजूर मिळवण्याची पद्धत उभी आहे हे सांगणारी बातमी विरळा आढळते.

कामाच्या याच रचनेतून गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उद्भवला. कोपीत, म्हणजे पाचट, बांबू आणि प्लास्टिकच्या तात्पुरत्या खोपटात, नळ नाही, शौचालय नाही, न्हाणीघर नाही. मासिक पाळीच्या दिवसांत कापड धुऊन वाळवायला जागा नाही. अंगावर पांढरे जाणे, जंतुसंसर्ग, ओझ्याने अंग बाहेर येणे या तक्रारी सर्रास आढळतात, आणि एक दिवस कामावर गेले नाही तर ‘खाडा’ लागतो. २०१९ च्या वार्तांकनात हा दंड दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत असल्याचे स्त्रियांनी सांगितले होते. अशा स्थितीत दोन-तीन मुले झालेली तिशीच्या आसपासची स्त्री तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात जाते, तिला पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते, आणि ‘पिशवी’ काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. काही स्त्रियांनी तो आपणहून स्वीकारला, हेही खरे आहे, परंतु पाळीचा एक दिवस म्हणजे दंड अशी परिस्थिती असताना त्या स्वीकाराला संमती म्हणणे वैद्यकीय नीतीच्या कसोटीवर टिकत नाही. शस्त्रक्रियेनंतर पुरेशी विश्रांती न घेता पुन्हा मोळी डोक्यावर येते, आणि औषधपाण्याचा खर्च भागवण्यासाठी घेतलेली रक्कम पुढच्या उचलीत मिळवली जाते.

२०१९ च्या उन्हाळ्यात हा विषय राष्ट्रीय पातळीवर गाजला. विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी तो उपस्थित केल्यावर तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय-शस्त्रक्रिया झाल्याची माहिती दिली, आणि गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सतरा टक्के. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यासाठी हेच प्रमाण २.६ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट आणि पद्धत सारखी नसल्यामुळे हे आकडे शेजारी ठेवताना सावधगिरी हवी, परंतु तफावत इतकी मोठी आहे की सावधगिरी बाळगूनही ती नाकारता येत नाही. त्यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले, आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली.

या घडामोडी पत्रकारितेमुळे घडल्या, आणि त्या पत्रकारितेचे ऋण मान्य करूनच तिच्या चौकटीची चिकित्सा केली पाहिजे. एकदा विषय गाजल्यावर देशी-विदेशी प्रतिनिधी बीडच्या वाड्यांवर आले, गर्भाशय नसलेल्या स्त्रियांची गावे अशा अर्थाचे मथळे जगभर झळकले, आणि अंगणात बसलेल्या, पदराआड चेहरा झाकलेल्या स्त्रियांची एकसारखी छायाचित्रे छापली गेली. ज्या गावांची नावे मथळ्यांत आली तेथील स्त्रियांना आपल्या शरीराविषयीचा खासगी तपशील पुन्हा पुन्हा परक्या कॅमेऱ्यासमोर सांगावा लागला. कारखाना, मुकादम आणि करार यांच्यावरचा प्रकाश त्या मानाने अपुरा राहिला. २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी बीडच्या स्त्रियांचे श्रम आणि जागतिक शीतपेय कंपन्यांची साखरखरेदी यांचा थेट संबंध दाखवला, तेव्हा प्रश्नाचा रोख प्रथमच स्त्रीच्या शरीरावरून साखरेच्या व्यवहाराकडे ठामपणे वळला. हे काम मराठी वृत्तपत्रांनी कितीतरी आधी करायला हवे होते, कारण साखर कारखान्यांच्या राजकारणाची त्यांच्याइतकी बारकाईने माहिती दुसऱ्या कोणाकडेही नाही.

गरीब स्त्रियांवर झालेल्या अशा शस्त्रक्रियांची जवळची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात आढळतात. १८४० च्या दशकात अलाबामात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने अनार्का, बेट्सी आणि लूसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांतून स्त्रीरोगशास्त्राचा जनक अशी ख्याती मिळवली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्याचा पुतळा २०१८ मध्ये हटवला गेला. त्याहून जवळचे उदाहरण फॅनी लू हेमर यांचे आहे. मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या या स्त्रीवर १९६१ मध्ये गाठ काढण्याची शस्त्रक्रिया होत असता तिला न विचारता गर्भाशयही काढले गेले. दक्षिणेत गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत हे इतके नित्याचे होते की हेमर यांनी त्याला ‘मिसिसिपीचे अपेंडिक्स ऑपरेशन’ असे नाव दिले. हेमर पुढे मतदानाच्या हक्काच्या लढ्यातील मोठ्या नेत्या झाल्या आणि आपल्यावरील अन्याय त्यांनी स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या नावाने मांडला. बीडच्या स्त्रियांची गोष्ट मात्र आजवर बहुतांशी दुसऱ्यांनीच सांगितली आहे, आणि दोन्हींतला हा फरक साम्याहून अधिक विचार करायला लावणारा आहे.

ऊसतोड स्त्रीची प्रतिमा वेगळी सुटी पाहता येत नाही, कारण श्रमिक आणि दलित-आदिवासी स्त्रीविषयी मराठी समाजाने बाळगलेल्या जुन्या प्रतिमांत ती मुरलेली आहे. तमाशाच्या फडावरील स्त्रिया प्रामुख्याने कोल्हाटी, महार, मांग अशा जातींतून आल्या. त्यांच्या कलेवर लोकरंजन पोसले गेले, आणि त्याच वेळी त्यांना चारित्र्यहीन ठरवण्यात आले. ‘पिंजरा’सारख्या १९७२ च्या लोकप्रिय चित्रपटाने तमासगीर स्त्रीला सदाचारी मास्तराच्या पतनाचे कारण म्हणून उभे केले. तिच्या पोटाचा, तिच्या मुलांचा, फडमालकाच्या हिशेबाचा प्रश्न पडद्यावर फारसा आलाच नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनाने तो १९९४ मध्ये वाचकांसमोर आणला, आणि अलीकडे इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवरील संशोधनातून अश्लीलतेचा शिक्का जातीशी कसा जोडलेला असतो हे साधार दाखवले.

हीच प्रतिमा न्यायालयात आणि बातमीत किती घातक ठरते याचे दोन दाखले महाराष्ट्राने पाहिले आहेत. मथुरा या नावाने ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीवर १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत आणि तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही अशा कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर आंदोलन उभे राहिले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. जमिनीच्या आणि आत्मसन्मानाच्या वादातून आलेल्या या हत्याकांडाला सुरुवातीच्या काही बातम्यांनी सुरेखाबाईंच्या चारित्र्याची चर्चा जोडली, आणि दलित संघटना रस्त्यावर येईपर्यंत राज्याच्या मुख्य माध्यमांना या घटनेची पुरती दखल घ्यावीशी वाटली नाही. पुढे न्यायालयांनी आरोपींना दोषी ठरवले, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. सुरेखाबाई शिकलेल्या, शेती करणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या होत्या. त्यांची ही ओळख बातमीत त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी उशिरा आली.

या बातम्या कोण लिहितो या प्रश्नालाही येथे स्थान आहे. ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ मध्ये इंग्रजी व हिंदी माध्यमांची पाहणी केली, तेव्हा नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय पत्रकार आढळले आणि दलित वा आदिवासी एकही आढळला नाही. मराठीतील चित्र यापेक्षा फार निराळे मानायला आधार नाही. जिल्हा पातळीवर काम करणारा बातमीदार अनेकदा तुटपुंज्या मानधनावर असतो आणि त्याच्या वृत्तपत्राच्या जाहिराती स्थानिक कारखान्यांकडून व नेत्यांकडून येतात, म्हणून गळीत हंगामाचा शुभारंभ पहिल्या पानावर येतो आणि फडातील अपघात आतल्या पानावर चार ओळींत उरकतो.

स्त्रियांनी स्वतः लिहिले तेव्हा मात्र साचे मोडले, आणि ही परंपरा मराठीत जुनी आहे. फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, आणि त्यात त्यांनी बाळंत होणाऱ्या अस्पृश्य स्त्रियांच्या हालाविषयी लिहिले होते. १९८० च्या दशकात कुमुद पावडे, मुक्ता सर्वगोड, शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे यांची आत्मकथने आली. पैकी बेबीताईंचे ‘जिणं आमुचं’ घरातील पुरुषांच्या मारहाणीविषयीही बोलले, जे चळवळीला ऐकायला अवघड होते. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास त्यांच्याच मुलाखतींतून सिद्ध केला. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी या आत्मकथनांना साक्षीचा दर्जा देऊन दलित स्त्रीवादी भूमिका मांडली: जातीच्या उतरंडीत तळाशी असलेल्या स्त्रीच्या जागेवरून समाज अधिक पूर्णपणे दिसतो, आणि ती जागा अभ्यासाने इतरांनाही स्वीकारता येते.

ऊसतोड स्त्रीच्या बाबतीत अशी लेखनपरंपरा अद्याप उभी राहायची आहे, आणि ज्या बाईचे वर्षातले सहा महिने कोपीत जातात तिच्याकडून ग्रंथाची अपेक्षा धरण्यापूर्वी तिच्या बोलण्याला नोंदीचे स्थान देणे अधिक निकडीचे आहे. त्या दिशेने काही काम झाले आहे. महिला किसान अधिकार मंच म्हणजेच ‘मकाम’ने मराठवाड्यातील ऊसतोड स्त्रियांच्या श्रमस्थितीचा अभ्यास केला, बीडमध्ये मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या स्त्रियांचे स्वतंत्र संघटन सुरू केले, आणि पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमाने त्यांच्या मुलाखती नावानिशी, कामाच्या तपशिलासह मराठीतही प्रसिद्ध केल्या. या लेखनात आजार येतो, पण त्याबरोबर दिवसाला किती मोळ्या वाहिल्या, मुकादमाने कोणता हिशेब दाखवला, एकट्या बाईला टोळीत घ्यायला कोण नकार देते, फडात छेडछाड झाली तर तक्रार कोणाकडे करायची, हेही येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित स्त्रियांसाठी जिल्हा पातळीवर तक्रार समितीची तरतूद करतो. पण शंभर कोसांवरच्या परजिल्ह्यात, उचलीच्या बोज्याखाली, रात्री गाडी भरणाऱ्या स्त्रीपर्यंत ती समिती पोहोचावी कशी, याचे उत्तर प्रशासनाने अजून द्यायचे आहे.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामुळे आणि ग्रामसेवकामार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याच्या निर्णयामुळे एक वाट उघडली आहे. स्त्री संघटनांचा आग्रह असा की या नोंदणीत पती आणि पत्नी यांची दोन स्वतंत्र ओळखपत्रे असावीत, उचल आणि मजुरी निम्मी-निम्मी दोघांच्या बँक खात्यांत जमा व्हावी, विधवा व परित्यक्ता स्त्रीला पूर्ण मजूर धरावे, आणि आजारपण, बाळंतपण व पाळीच्या दिवसांचा खाडा बंद व्हावा. यांतील पहिली मागणी मान्य होऊन तलवाड्यासारख्या गावच्या ग्रामपंचायतीत स्त्री मजुरांची स्वतंत्र यादी तयार झाली, तर कारखान्याला ऊसतोड स्त्रीच्या अपघाताची भरपाई तिच्या नावे द्यावी लागेल, आरोग्य विभागाला तिची शस्त्रक्रिया कोणत्या वयात व का झाली हे तपासता येईल, आणि बातमीदारालाही तिच्याकडे आजाराखेरीज मजुरीचा प्रश्न घेऊन जाता येईल.